उंबरठा न ओलांडणारा सिनेमा

कोल्हापूरचा मनुष्य चित्रपट पाहून आला, की चित्रपटात काय घडले हे तो सांगत नाही. चित्रपटगृहात काय घडले ते सांगतो. त्यामुळे आमच्या गावात एका चित्रपटाची एकच कथा कधी राहत नाही. ती सकाळी दूध कट्ट्यावर एक असते, दुपारी शाहूपुरीत दुसरी होते आणि दिवेलागणीला शिवाजी पेठेत पोहोचेपर्यंत तिला फांद्या फुटलेल्या असतात. रेहानाचा ‘सांजेपर्यंत’ हा चित्रपट गावात लागला आणि यथावकाश उतरला. परंतु त्याच्या प्रेक्षकांच्या हकिकती अद्याप उतरावयास तयार नाहीत. त्यांपैकी ज्या माझ्यासमोर घडल्या, किंवा ज्या घडताना पाहणारा विश्वासू मनुष्य मला ठाऊक आहे, तेवढ्याच येथे देतो.

शिवाजी पेठेतील एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आमचे चित्रपट मंडळ भरते. मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ माणसे. त्यांत मी वयाने वडील. मी शाळा सातवीत सोडली. पुढे जे काही शिकलो ते याच वाचनालयाच्या कपाटांतून, भांड्यांच्या दुकानातली नोकरी सांभाळून. शाहूपुरीतील हमीदभाई टेलर हे आमचे जुने सभासद. रेहाना ही त्यांची मुलगी. चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन ती परत आली आणि तिने पहिला चित्रपट गावातच, पेठेतल्या एका दोन खोल्यांच्या घरात केला.

त्याची कथा अशी. एक वृद्ध जोडपे. दर बुधवारी दुपारी जेवण झाले, की नवरा पायांत चपला घालतो, ‘येतो’ म्हणतो आणि जातो. दिवे लागायच्या सुमारास परततो. कुठे जातो ते बायको विचारत नाही, तो सांगत नाही. एका बुधवारी तो परत येतो, तेव्हा त्याच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी निळा शर्ट असतो. बायको तो शर्ट धुते, इस्त्री करते आणि पुढच्या बुधवारी त्याच्या हाती देते. त्या संध्याकाळी तो स्वतःच्या पांढऱ्या शर्टात परततो. आणि त्या शर्टाचे कित्येक दिवस तुटलेले बटण कोणीतरी लावलेले असते. चित्रपट येथे संपतो.

सबंध दोन तासांत कॅमेरा घराचा उंबरठा एकदाही ओलांडत नाही. नवरा गेला, की आपण त्या बायकोबरोबर घरातच राहतो. बाहेरचे जग केवळ ऐकू येते.

*

शुक्रवारी दुपारी पहिला खेळ होता. रेहाना माझ्या शेजारी बसली होती. पहिल्या बुधवारी नवरा बाहेर पडला, दार उघडेच राहिले आणि कॅमेरा जागचा हलला नाही, तेव्हा मागून आवाज आला, “दार उघडंच हाय की. घ्या क्यामेरा बाहेर.”

“क्यामेऱ्याचा पाय मोडलाय त्यो,” दुसऱ्याने उत्तर दिले. चित्रपटगृह हसले. रेहानाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या बुधवारी बाल्कनीतून कोणी पडद्यावरच्या बाईलाच विनवले, “म्हातारे, तू तरी बघ की जरा दारात जाऊन.” बाई दारात गेली नाही. तिने ताटात तांदूळ घेतले आणि ती खडे निवडू लागली. सगळे ताट निवडून होईपर्यंत दृश्य बदलले नाही. हळूहळू चित्रपटगृहातले बोलणे थांबले. माझ्या पुढच्या रांगेतील एक गृहस्थ मान वाकडी करून दाराबाहेरचे आवाज ऐकू लागले. जणू काही पडद्याच्या कडेला कान लावला म्हणजे रस्ता दिसणार होता.

तिसऱ्या बुधवारी नवऱ्याने चपला घातल्या आणि तो म्हणाला, “येतो.”

अंधारातून कोण्या पुरुषाचा आवाज आला, घरातल्या माणसाला द्यावा तसा, सहज: “या.”

कोणी हसले नाही. चौथ्या बुधवारी ‘येतो’ ऐकू आले तेव्हा निम्मे चित्रपटगृह ‘या’ म्हणाले. मी आयुष्यभर चित्रपट पाहत आलो. प्रेक्षक पडद्याला शिव्या देताना पाहिले, शिट्ट्या मारताना पाहिले. पडद्यावरच्या माणसाला निरोप देताना प्रथमच पाहत होतो.

रेहाना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आबा, हे मी लिहिलं नव्हतं.”

*

शनिवारी वाचनालयात चर्चा ठेवली होती. पुण्याहून एक समीक्षक पाहुणे आले होते. मनुष्य अभ्यासू होता. त्यांनी चित्रपटाची मनापासून स्तुती केली आणि म्हणाले, “ही पत्नी संपूर्ण चित्रपटात ‘कुठे जाता’ असा प्रश्न एकदाही विचारत नाही. शतकानुशतकांचे स्त्रीचे मौन दिग्दर्शिकेने येथे मूर्त केले आहे.”

आमच्या मंडळातील वंदनाताई जिल्हा न्यायालयात वकिली करतात. त्यांनी हात वर केला. “हरकत आहे.”

“बोला ना.”

“पावणं, बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारतात व्हय कधी? विचारलं की काम होत न्हाय त्याचं.”

“ही एक समजूत झाली.”

“समजूतच. पण घरातनं निघताना सगळी पाळतात. मीबी पाळते. माझ्या अशिलाला कोर्टाला निघताना कुणी ‘कुठं’ विचारलं, तर मी त्याला परत घरात बसवून पाणी पाजून काढते.”

“ठीक. पण मग तो परत आल्यावर तरी विचारावं?”

“आल्यावर तो जेवायला बसलाय. जेवणाऱ्या माणसाला छळत न्हाईत.”

“आणि जेवण झाल्यावर?”

वंदनाताई मग म्हणाल्या, “तवर तिची विचारायची हिंमत गेलेली असतीया. तिथनं पुढं तुमचं मौन सुरू होतंय. ते मान्य.”

पाहुण्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला, हे मला फार आवडले. थोड्या वेळाने ते पिशवी घेऊन उठले, तेव्हा आमच्यातला कोणी तरी अनवधानाने बोलून गेला, “कुठे निघालात?”

वंदनाताईंनी कपाळाला हात लावला. पाहुणे हसत जिना उतरले.

अर्ध्या तासाने ते पुन्हा जिना चढून आले. गाडी चुकली होती.

*

निळा शर्ट हमीदभाईंनी शिवला होता. ही गोष्ट बाहेर फुटली आणि त्यांच्या दुकानात कापड न घेता येणारी गिऱ्हाइके वाढली. प्रत्येकाला एकच विचारायचे असे: शर्ट कुणाच्या मापाचा?

हमीदभाई मशीन थांबवत नसत. “माप आहे एकाचं.”

“कुणाचं?”

“ते नाही सांगायचं. मुलीनं सांगितलंय, अब्बा, कुणा एकाच्या मापाचा जुना वाटेल असा शर्ट शिवा. कुणाच्या, ते तुम्ही ठरवा. मला पण सांगू नका.”

“म्हणजे तुमच्या पोरीला ठावं न्हाय?”

“नाही.”

एक गुळाचे व्यापारी पुष्कळ वेळ विचार करत बसले. त्यांनी दुसरा प्रश्न काढला, “बरं, ते पांढऱ्या शर्टाचं बटण तुम्हीच लावलं असणार.”

येथे मात्र हमीदभाईंचे मशीन थांबले. ते बटण रेहानाच्या पटकथेत नव्हतेच. तिने नवऱ्याचे काम करणाऱ्या गुरुपादअण्णांना तुटक्या बटणाचा पांढरा शर्ट दिला होता. अण्णा तो घालून परतले तेव्हा बटण लावलेले होते. कॅमेरा चालवणाऱ्या मुलाने ते पाहिले, रेहानाने पाहिले, आणि कोणी काही न बोलता ते चित्रपटात राहू दिले.

“मी असं लावत नाही,” हमीदभाई म्हणाले. “हे घरी लावलेलं बटण आहे.”

व्यापारी उठले. दारात जाऊन परत वळले आणि म्हणाले, “हमीदभाई, सिनेमातलं येकेक गुपित येकेकाला ठावं हाय. डायरेक्टरला सोडून.”

हे वाक्य त्यांनी थट्टेने उच्चारले. मी मात्र त्यावर अनेक दिवस विचार करीत होतो. लेखकाने सर्व जाणावे आणि वाचकाने शोधावे, अशीच रहस्यकथा मला ठाऊक होती. या मुलीने रहस्य चार घरांत ठेवायला दिले आणि स्वतः रिकाम्या हाताने दारात उभी राहिली.

*

आता गुरुपादअण्णांविषयी सांगितले पाहिजे, कारण या सगळ्या हकिकतींत खरी झळ त्यांनाच बसली.

गुरुपादअण्णा हे आमच्याच मंडळाचे सभासद. तारुण्यात पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. नंतर अनेक वर्षे सायकलींचे दुकान. नाटकात किंवा चित्रपटात त्यांनी कधी काम केले नव्हते. रेहानाने त्यांची चाल पाहून त्यांना निवडले. पडद्यावरच्या पत्नीचे काम सांगलीच्या एका नाट्यकर्मी बाईंनी केले. अण्णांची खरी पत्नी निलव्वा वहिनी. त्यांचे माहेर संकेश्वरचे. अर्धे बोलणे कानडी, अर्धे मराठी, आणि दोन्ही धारदार.

वहिनी पहिल्या रविवारी सुनेबरोबर रिक्षाने चित्रपटाला गेल्या. घरी आल्या, स्वयंपाक केला, अण्णांना वाढले. अण्णांनी जेवून हात धुतले. मग वहिनींनी विचारले, “कुठं जात हुता?”

“कोण?”

“तुमी. बुधवारचं.”

“अगं, पिच्चर हाय त्यो.”

“पिच्चरात कुठं जात हुता?”

येथे अण्णांनी ‘कुठे नाही, शूटिंग होते’ असे म्हणावयास हवे होते. परंतु या मनुष्याला खोटे बोलता येत नाही. त्यांनी खरे ते सांगितले. रेहानाने त्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते, की अण्णा, बुधवारी तुम्ही खरोखरच घराबाहेर जायचे. आम्ही आत बाईंचे शूटिंग करत बसू. सांजेपर्यंत यायचे नाही. कुठे जायचे ते तुम्ही ठरवा, दर वेळी तिथेच जा आणि ते कुणालाही सांगायचे नाही, मलाही नाही.

“म्हंजे जात हुता,” वहिनी म्हणाल्या.

“व्हय.”

“कुठं?”

“शब्द दिलाय गं पोरीला.”

“आन बटन कुणी लावलं?”

“त्येबी त्यातच आलं.”

वहिनी उठून आत गेल्या. तेव्हापासून त्या अण्णांशी बोलेनाशा झाल्या. जे सांगायचे ते सुनेमार्फत. अण्णा तीन हातांवर बसलेले असत आणि वहिनी म्हणत, “तुझ्या सासऱ्यास्नी सांग, भाकरी झाल्या.” सून बिचारी अण्णांकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणे. अण्णा म्हणत, “सांग, आलो.” आणि पुढच्या सोमवारी आपण भावाकडे संकेश्वरला जाणार, परत कधी येणार ते ठरवलेले नाही, हेही वहिनींनी सुनेलाच सांगितले.

अण्णा वाचनालयात येऊन माझ्यासमोर बसले. “आबा, तुम्ही इतकी पुस्तकं वाचलाय. शब्द मोडावा का घर मोडावं, कुठं लिवलंय काय?”

मी म्हटले, “अण्णा, रामायणापासून पुष्कळ ठिकाणी लिहिले आहे. पण शब्द पाळणाऱ्यांची घरे कशी राहिली, ते पाहता मला तुम्हाला काही सांगण्याचे धाडस होत नाही.”

*

अण्णा शब्दाला चिकटून आहेत हे पेठेत पसरले. तालमीच्या फुटबॉल संघातील पोरांनी ठरवले, की अण्णा सांगत नाहीत तर आपण बघू. बुधवार आला. शूटिंगपासूनच्या सवयीने अण्णा जेवून घराबाहेर पडले आणि मागून दोन मोटारसायकली निघाल्या. पुढची हकिकत त्याच पोरांनी मला सांगितली.

अण्णा आधी रंकाळ्याला गेले. कट्ट्यावर बसले. शेंगा घेतल्या, सावकाश खाल्ल्या. पोरे झाडाआड. मग अण्णा उठून बिंदू चौकापर्यंत चालत गेले, तिथून शाहूपुरीत, हमीदभाईंच्या दुकानासमोरून, आत न डोकावता. मग उलटे फिरून पंचगंगेच्या घाटावर. ऊन रणरणत होते. अण्णांच्या चालीने मोटारसायकल चालवायची म्हणजे गाडी पायाने ढकलावी लागते. घाटावर अण्णांनी पाण्यात पाय सोडले आणि डोळे मिटले. पोरांना वाटले, हेच ते ठिकाण. एकाने फोनवर फोटोसुद्धा घेतला.

डोळे न उघडता अण्णा म्हणाले, “उजवीकडं बघितलं की गोलकीपर डावीकडं उडी मारतोय, हे शिकवलं न्हाय व्हय रं तुमच्या कोचनं?”

पोरे समोर आली. “अण्णा, चुकलं.”

“घावलं काय?”

“न्हाय अण्णा.”

“दमला?”

“लई.”

“मग सिनेमा चांगला हाय म्हणायचा,” अण्णा म्हणाले, आणि त्यांतल्याच एका मोटारसायकलीवर बसून घरी आले.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पोरांकडे पाहिले आणि सुनेला म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यास्नी सांग, आज कुणाला घिऊन गेलते त्ये कळलं.”

*

चित्रपट दुसऱ्या आठवड्यात गेला तो एका अफवेमुळे. शुक्रवारच्या खेळाला कॅमेरा उंबरठा ओलांडून बाहेर जातो, असे कोणीतरी उठवले. कोणी म्हणाले, रेहानाने नवी प्रत आणली आहे. कोणी म्हणाले, ती प्रत पहिल्यापासूनच होती, परंतु दाखवली नव्हती. शुक्रवारी चित्रपटगृहात बसायला जागा नव्हती. मीही गेलो. अफवेवर माझा विश्वास नव्हता, तरीही गेलो.

कॅमेरा बाहेर गेला नाही. चित्रपट जसा होता तसाच होता. मला वाटले, आता लोक खुर्च्या मोडतील. लोक शांतपणे उठले आणि बाहेर पडले.

पायऱ्यांवर तालमीचे वस्ताद भेटले. साठ वर्षांचा, आखाड्यात घडलेला देह. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाले, “आबा, दिसलं.”

“काय दिसले?”

“दाराच्या भायेर. आंगण हुतं. पलीकडं दुसरं दार. त्यात माझी आई बसलीवती.”

मी म्हटले, “वस्ताद, कॅमेरा आतच होता.”

“तुमी डोळं झाकलं असशीला,” ते म्हणाले.

बँकेत काम करणाऱ्या एका बाईंनी नृसिंहवाडीचा रस्ता पाहिला; दोन्ही बाजूंना ऊस, आणि रस्त्याच्या शेवटी घाटाच्या पायऱ्या पाण्यात गेलेल्या. एका निवृत्त मास्तरांनी शाळेचे बंद फाटक पाहिले. कोणी दुसऱ्याचे खोडून काढले नाही. प्रत्येक जण आपापले दृश्य सांगे आणि बाकीचे ते मान्य करून ऐकत.

मी शंकासमाधानासाठी प्रोजेक्टर चालवणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते म्हणाले, “आबा, पिच्चर त्योच हाय. येक फ्रेमबी इकडची तिकडं न्हाय.” मग जरा घुटमळून म्हणाले, “पण खरं सांगू? आज मी पडद्याकडं बघितलं न्हाय. भ्या वाटलं.”

बाहेर पडताना पहिल्या रांगेत मला निलव्वा वहिनी दिसल्या. एकट्याच बसून होत्या. सून सांगत होती ते खरे होते. वहिनी रोजच्या रोज चित्रपटाला येत होत्या. मी जवळ जाऊन विचारले, “वहिनी, तुम्हालाही बाहेरचे काही दिसले का?”

“भायेरचं बघाय कोण येतंय,” त्या म्हणाल्या. “मी त्यास्नी आत येताना बघतो. चपला काढतात, पाणी मागतात, भितीला हात लावून बसतात. तेवढंच बघतो.”

त्यांच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलतानाही ‘बघतो’, ‘येतो’ असेच म्हणतात. परंतु त्या दिवशी त्या शब्दाला निराळे वजन आले होते.

*

रविवारी सकाळी मंडळ भरले नाही. रेहाना, हमीदभाई आणि मी अण्णांच्या घरी गेलो. वाटेत मी तिला म्हटले, “बाळ, अण्णांनी ते ठिकाण सांगितले, की उद्या सगळ्या गावाला कळेल. तुझा चित्रपट मग कोणी पाहणार नाही.”

“माहीत आहे आबा,” ती म्हणाली. “पण माझ्या सिनेमासाठी निलव्वा आज्जी संकेश्वरला जाणार असतील, तर तो सिनेमा नको मला.”

हमीदभाई एवढेच बोलले, “सही बात.”

घरात शिरलो तर भिंतीशी वहिनींची बॅग भरून ठेवलेली होती. अण्णा खुर्चीवर बसलेले. वहिनी खाली सतरंजीवर लसूण सोलत होत्या. सून स्वयंपाकघराच्या दारात.

“या बसा,” वहिनी म्हणाल्या. “पोरी, च्या घेणार?”

रेहाना त्यांच्यासमोर खालीच बसली. “आज्जी, चूक माझी आहे. माझ्यासाठी अण्णा गप्प आहेत.”

“तुझी कसली चूक? तू काय त्यास्नी हात धरून न्हेलंस व्हय?”

“नाही. पण शब्द मीच घेतला होता. तो मी आत्ता परत देते. अण्णा, तुम्ही मोकळे आहात. आज्जींना सांगा.”

अण्णांनी मान खाली घातली. “आबांच्या म्होरं? हमीदभाईंच्या म्होरं?”

“सगळ्यांसमोर सांगा,” रेहाना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. हमीदभाईंनी नजर दाराकडे वळवली. मला वाटले, त्यांनाही ते ऐकायचे नव्हते.

मी हे लिहिताना स्वतःशी प्रामाणिक राहतो: मला ऐकायचे होते. इतकी वर्षे मी पुस्तकांची शेवटची पाने वाचत आलो. हे पानही वाचावे, असे मला फार वाटत होते.

अण्णांनी घसा साफ केला. “बुधवारचं मी—”

“थांबा,” वहिनी म्हणाल्या.

आठवड्यानंतर प्रथमच त्या अण्णांना थेट उद्देशून बोलल्या होत्या. सुनेच्या हातातला कप बशीवर वाजला.

“तुमी बोलू नगा,” वहिनी म्हणाल्या. “शब्द दिलाय न्हवं? मग गप ऱ्हावा. मी सांगतो.”

त्या उठल्या. सोललेल्या लसणाची सालपटे त्यांनी पदरातून झटकली, पदर डोक्यावर सारखा केला आणि अण्णांच्या खुर्चीपाशी गेल्या. त्यांच्या कानाशी वाकून काही तरी बोलल्या. फार नाही, एखादे वाक्य असेल. कानडीत की मराठीत तेही आम्हाला कळले नाही. सून दोन पावलांवर उभी होती, तिलाही ऐकू गेले नाही.

अण्णांच्या चेहऱ्याचे वर्णन मला करता येत नाही. मी फक्त पाहिले ते सांगतो. त्यांचे दोन्ही हात आपोआप वर उचलले गेले आणि तसेच हवेत राहिले.

“बरुबर?” वहिनींनी विचारले.

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

“आन बटन?”

असे विचारून वहिनी स्वतःच पुन्हा वाकल्या, पुन्हा काही बोलल्या. या वेळी एखादाच शब्द. अण्णांनी पुन्हा मान हलवली आणि डोळे पुसले.

“मग पयलंच सांगायचं की, त्येला येवढं लपवायसारखं काय हुतं,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. त्यांनी भिंतीजवळची बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांडी वाजली आणि हाक आली, “अवो, समद्यास्नी जेवाय थांबवा.”

विचारण्याचे कोणाला सुचले नाही. अण्णांनी मोठ्या कष्टाने हात खाली घेतले, रेहानाकडे वळले आणि म्हणाले, “पोरी, आईशप्पत सांगतो. मी कुणाला बोललो न्हाय.”